दोन दर आणि दोन बायोडाटे: चिपळूणच्या एका कंत्राटी अभियंत्याचे प्रकरण

लोटे-परशुराम, महाड, रोहे या औद्योगिक वसाहतींमुळे कोकणात कंत्राटी तंत्रज्ञांचा एक वर्ग उभा राहिला आहे. ही माणसे कोणाच्या कायम नोकरीत नसतात. कारखान्याचा वार्षिक शटडाऊन (देखभालीसाठी उत्पादन थांबवण्याचा काळ), एखाद्या नव्या युनिटची उभारणी किंवा उपकरणांचे कॅलिब्रेशन (मापन अचूक आहे की नाही ते प्रमाणाशी ताडून पाहणे) अशा कामांसाठी रोजाच्या दराने महिना-दीड महिना जायचे, काम संपले की बिल द्यायचे आणि पुढचे काम शोधायचे, असा त्यांचा व्यवसाय असतो. कारखाने अशा माणसांना सहसा थेट बोलावत नाहीत, कारण प्रत्येकाची पुरवठादार म्हणून नोंदणी करण्याचा खटाटोप खरेदी विभागाला नको असतो. म्हणून मध्ये मनुष्यबळ पुरवणारा एजंट येतो. चांगला एजंट दोन्ही बाजूंचा वेळ आणि त्रास वाचवतो, आणि त्याने त्याबद्दल आपला वाटा घेणे पूर्णपणे रास्त आहे. एजंट अप्रामाणिक निघाला तर काय होते आणि कायद्याचा कोणता धागा खरोखर उपयोगी पडतो, हे मात्र एका संपूर्ण प्रकरणातून पाहिल्याशिवाय समजत नाही.

येथे मांडलेले प्रकरण चिपळूणच्या एका इन्स्ट्रुमेंटेशन अभियंत्याचे आहे. त्यांचे हिशेब आणि प्राप्तिकराची विवरणपत्रे मी पाहतो, त्यामुळे या व्यवहारातील जवळजवळ प्रत्येक कागद माझ्या नजरेखालून गेला आहे. त्यांच्या संमतीने लिहीत असलो तरी त्यांचे, एजंटाचे आणि कारखान्याचे नाव मी मुद्दाम दिलेले नाही. अभियंत्यांनी लोट्यातील एका कारखान्यात बरीच वर्षे नोकरी केली आणि नंतर चिपळुणात प्रेशर गेज, ट्रान्समीटर, कंट्रोल व्हॉल्व्ह यांच्या दुरुस्तीची आणि कॅलिब्रेशनची छोटी कार्यशाळा काढली. कार्यशाळेत काम कमी असेल तेव्हा ते शटडाऊनची कंत्राटी कामे घेतात.

पुढच्या घटनाक्रमात महत्त्वाच्या ठरलेल्या दोन गोष्टी आधीच सांगायला हव्यात. २२ जुलै २०२१ च्या महापुरात त्यांच्या कार्यशाळेत पुरुषभर पाणी शिरले. उपकरणे गेलीच, पण जुनी बिले, करारपत्रे आणि ग्राहकांचे हजेरीतक्ते यांचाही लगदा झाला. तेव्हापासून प्रत्येक कागदाचा त्याच दिवशी मोबाईलवर फोटो काढून तो गूगल ड्राइव्हवर तारखेनिशी ठेवण्याची सवय त्यांनी लावून घेतली. दुसरी गोष्ट अशी की कार्यशाळा पुन्हा उभी करण्यासाठी बँकेकडे कर्ज मागितले असता बँकेने उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रमांची सरकारी नोंदणी, मागितली, म्हणून त्यांनी ती २०२१ च्या अखेरीस करून घेतली. आधार आणि पॅन यांच्या आधारे होणारी ही नोंदणी विनाशुल्क असते. त्या वेळी तिचा उपयोग कर्जापुरताच वाटला होता.

पहिला फोन आणि ठरलेला दर

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस, गणपती आठवड्यावर आले असताना, नवी मुंबईतील एका मनुष्यबळ कंपनीतून अभियंत्यांना फोन आला. महाड औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्याचा शटडाऊन १ ऑक्टोबरपासून आहे, अनुभवी माणूस तातडीने हवा आहे आणि आजच बायोडाटा पाठवला तर काम पक्के होईल, असे एजंटाने सांगितले. त्याच संभाषणात त्याने पूर्वीच्या दोन वरिष्ठांची नावे व मोबाईल नंबर संदर्भासाठी मागितले आणि अभियंत्यांनी ते दिले. मुलाखतीपूर्वी संदर्भ मागण्याचे कारण पुढच्या आठवड्यात उघड झाले. दोघांपैकी एका वरिष्ठांचा अभियंत्यांना फोन आला की तुमचे नाव सांगून कोणीतरी आमच्या कारखान्याला माणसे पुरवायची तयारी दाखवत आहे, ही मंडळी तुमच्या ओळखीची आहेत का? अभियंत्यांच्या कामाविषयी त्या वरिष्ठांना एकही प्रश्न विचारला गेला नव्हता. संदर्भाच्या नावाखाली एजंटाने स्वतःच्या धंद्यासाठी ग्राहकांचे पत्ते मिळवले होते. ही युक्ती या धंद्यात सर्रास चालते, आणि म्हणूनच संदर्भ मुलाखत झाल्यावर आणि तेही कारखान्याच्या माणसालाच देणे योग्य ठरते.

दराची बोलणी फोनवरच झाली. अभियंत्यांनी रोजाचे ८,००० रुपये मागितले. त्यावर एजंटाचे उत्तर अभियंत्यांनी त्याच रात्री आपल्या वहीत शब्दशः उतरवून ठेवले आहे: ‘सर, कंपनीचं बजेटच साडेसहा हजारांचं आहे. त्यावर एक रुपया मिळणार नाही. खरं सांगतो, मला यात काही सुटत नाही, पुढच्या कामांवर नजर ठेवून करतोय.’ अभियंत्यांनी ६,५०० रुपये मान्य केले. दुसऱ्या दिवशी त्यांनी एजंटाला एक छोटा ईमेल पाठवून ठरलेला दर, कामाचे स्वरूप आणि सोबत जोडलेला बायोडाटा यांची नोंद केली आणि ‘हाच बायोडाटा कारखान्याकडे पाठवावा’ असे एक वाक्य त्यात घातले. एजंटाने ‘ओके सर’ एवढेच उत्तर दिले, पण पुढे या दोन शब्दांचेच मोल मोठे ठरले.

करारपत्र विसर्जनानंतर आले. त्यातील दोन कलमे लक्षात ठेवण्याजोगी आहेत. कारखान्याकडून पैसे मिळाल्यानंतरच एजंट अभियंत्यांचे बिल चुकते करील, असे एक कलम होते. काम संपल्यानंतर दोन वर्षे अभियंत्यांनी त्या कारखान्याचे कोणतेही काम थेट घ्यायचे नाही, असे दुसरे होते. अभियंत्यांनी दोन्ही वाचून सही केली, कारण हंगामात हातचे काम सोडणे परवडणारे नव्हते आणि अशी कलमे प्रत्येक एजंटाच्या छापील मसुद्यात असतातच. त्यांच्या जागी बहुतेकांनी हेच केले असते, आणि सही केली म्हणजे सर्व काही हातचे गेले असेही नाही, हे पुढे दिसेल.

दुसऱ्या दिवशीचा इंटरलॉक

या प्रकरणातील सर्वांत गंभीर भाग पैशांचा नाही, असे माझे मत आहे. कामाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मेंटेनन्स मॅनेजरनी अभियंत्यांना एका रिअॅक्टरच्या तापमान इंटरलॉकची चाचणी घेऊन तिच्या अहवालावर सही करण्यास सांगितले. रिअॅक्टरमधील रासायनिक क्रिया उष्णता बाहेर टाकणारी असेल आणि तापमान ठरावीक मर्यादेपुढे गेले, तर हा इंटरलॉक कच्च्या मालाचा पुरवठा आपोआप बंद करतो आणि थंड पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो. वर्षभर त्याला काही करावे लागत नाही, पण ज्या मिनिटाला गरज पडेल त्या मिनिटाला तो चाललाच पाहिजे. म्हणून त्याची चाचणी केवळ तापमापकाचा आकडा जुळतो की नाही एवढ्यावर संपत नाही. संवेदकापासून नियंत्रण यंत्रणेपर्यंत आणि तिथून शेवटच्या व्हॉल्व्हच्या प्रत्यक्ष हालचालीपर्यंत संपूर्ण साखळी तपासावी लागते आणि कोणती चूक लपून राहू शकते याचे प्रशिक्षण असावे लागते. प्रक्रिया उद्योगातील सुरक्षा यंत्रणांसाठीचे आयईसी ६१५११ हे आंतरराष्ट्रीय मानक अशा कामात गुंतलेल्या व्यक्तीची सक्षमता पाहिली जावी, असे सांगते.

अभियंत्यांनी स्पष्ट सांगितले की लूप चेकिंग (उपकरणापासून नियंत्रण यंत्रणेपर्यंतची जोडणी तपासणे) आणि कॅलिब्रेशन हे आपले काम आहे, सुरक्षा इंटरलॉकच्या चाचणीचे प्रशिक्षण आपण घेतलेले नाही. मॅनेजर चकित झाले. त्यांनी टेबलाच्या खणातून एक कागद काढून समोर ठेवला. एजंटाच्या लेटरहेडवर छापलेला तो अभियंत्यांचाच बायोडाटा होता, पण त्यातील मोबाईल नंबर आणि ईमेल काढून टाकलेला होता, फंक्शनल सेफ्टीचे, म्हणजे अशा सुरक्षा यंत्रणांच्या कामाचे, एक प्रमाणपत्र त्यांच्या नावे जोडलेले होते आणि एका तेलशुद्धीकरण कारखान्यातील तीन वर्षांचा अनुभव नव्याने घातलेला होता. त्या कारखान्यात अभियंत्यांनी कधी पाऊलही ठेवलेले नव्हते.

संपर्काचे तपशील काढून टाकणे हा एजंटांचा नित्याचा परिपाठ आहे. ग्राहकाने आपल्याला वगळून थेट व्यवहार करू नये म्हणून ते तसे करतात आणि तेवढ्यापुरते ते समजण्यासारखे आहे. नसलेली पात्रता घालणे ही मात्र सर्वस्वी वेगळी गोष्ट आहे. अभियंत्यांनी त्या सकाळी संकोचाने गप्प राहून सही केली असती आणि पुढे काही बिनसले असते, तर चौकशीत अहवालावरची सही त्यांची निघाली असती आणि खोटा बायोडाटाही त्यांच्याच नावाचा निघाला असता. एजंटाचे नाव त्या कागदपत्रांत फार तर लेटरहेडवर दिसले असते. रिअॅक्टरजवळ काम करणाऱ्या माणसांच्या जिवाचा प्रश्न तर त्याहूनही मोठा आहे. चार पैसे जास्त मिळावेत म्हणून असा खोटेपणा करणाऱ्याविषयी सौम्य शब्द वापरण्याची माझी इच्छा नाही.

अभियंत्यांनी वाद घातला नाही. त्याच संध्याकाळी महाडच्या आपल्या खोलीवरून त्यांनी मॅनेजरना आणि एजंटाला एकाच ईमेलमध्ये लिहिले की कारखान्याकडे असलेला बायोडाटा आपला नाही, आपण पाठवलेला मूळ बायोडाटा आणि तो पाठवल्याच्या तारखेचा ईमेल सोबत जोडला आहे, आणि सुरक्षा इंटरलॉकच्या कोणत्याही चाचणीवर आपण सही करणार नाही. मॅनेजरनी ते काम दुसऱ्या प्रशिक्षित माणसाकडे दिले आणि अभियंत्यांना कॅलिब्रेशनच्या कामावर कायम ठेवले. एजंटाने फोन करून ‘असं कंपनीला लिहून काय मिळवलंत? सगळेच थोडं वाढवून लिहितात,’ असे ऐकवले. लेखी उत्तर मात्र त्याने दिले नाही.

साडेनऊ हजारांची गोष्ट

मूळ बायोडाटा हाती आल्यापासून मॅनेजरांचा अभियंत्यांवरील विश्वास वाढला होता. एके दिवशी कॅन्टीनमध्ये चहा घेताना ते सहज म्हणाले, ‘तुम्ही साडेनऊ हजारांच्या खाली यायला तयार नव्हतात, म्हणून आमच्या पर्चेसनं शेवटपर्यंत ताणून धरलं होतं.’ अभियंत्यांनी आपण आठ हजार मागून साडेसहावर आल्याचे सांगितले. त्यानंतर मॅनेजरनी खरेदी विभागातून खात्री करून घेतली, तेव्हा पर्चेस ऑर्डरवर अभियंत्यांसाठी रोजाचा ११,५०० रुपये दर निघाला, आणि त्यावर जीएसटी वेगळा होता. एजंटाने कारखान्याला सांगितले होते की माणूस ९,५०० मागतो, आमच्या पदरात दोनच हजार पडतात. अभियंत्यांना त्याने सांगितले होते की कारखान्याचे बजेटच साडेसहाचे आहे आणि आपल्याला काही सुटत नाही. प्रत्यक्षात प्रत्येक दिवसामागे त्याला ५,००० रुपये सुटत होते.

पाच हजारांचा वाटा मोठा असला तरी तो उघडपणे ठरला असता तर त्याला अप्रामाणिकपणा म्हणता आले नसते. महाग म्हणता आले असते आणि ज्याला परवडत नाही त्याने नाही म्हटले असते. येथे त्याने दोन्ही बाजूंना दोन वेगळ्या थापा मारल्या, आणि त्या टिकण्यासाठी दोन्ही बाजूंनी एकमेकांशी पैशांविषयी कधी बोलू नये एवढीच एक अट होती. एजंट पहिल्या दिवसापासून ‘रेटविषयी कंपनीत कोणाशी बोलू नका, ते गोपनीय असतं’ असे का बजावत असतो, याचे उत्तर यात आहे. स्वतःचा दर अभियंत्यांनी कोणाला सांगू नये, असे कोणतेही कलम त्यांच्या करारात नव्हते. दराचा प्रश्न त्या कामापुरता तिथेच थांबला, कारण सही केलेल्या करारातील आकडा ६,५०० चा होता आणि कमी दर मान्य केल्याबद्दल मागाहून जास्तीची रक्कम वसूल करणे अवघड असते.

दुसरे बिल

१५ नोव्हेंबर २०२४ रोजी काम संपले. दसरा, दिवाळी आणि रविवार वगळता ३६ दिवस भरले होते आणि हजेरीतक्त्यावर मॅनेजरांची सही त्याच दिवशी घेतली गेली. पहिल्या १४ दिवसांचे ९१,००० रुपयांचे पहिले बिल एजंटाने दहा टक्के टीडीएस कापून ८१,९०० रुपये देऊन ऑक्टोबरअखेर चुकते केले होते. उरलेल्या २२ दिवसांचे १,४३,००० रुपयांचे बिल मात्र अडकले. डिसेंबरभर एकच उत्तर मिळत राहिले की कंपनीकडून पैसे आलेले नाहीत. जानेवारीत अभियंत्यांनी मॅनेजरना विचारले असता कारखान्याने संपूर्ण रक्कम डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच एजंटाच्या खात्यात भरल्याचे समजले. त्यानंतर एजंटाने भाषा बदलली: बायोडाट्याच्या ईमेलमुळे आपल्या प्रतिष्ठेचे नुकसान झाले आहे, ते आधी भरून द्यावे लागेल.

फेब्रुवारीत मी त्यांचे फॉर्म २६एएस, म्हणजे त्यांच्या नावे जमा झालेल्या कराचा प्राप्तिकर खात्याचा उतारा, उघडून पाहिले, तेव्हा आणखी एक बाब निदर्शनास आली. ऑक्टोबरमध्ये कापलेला ९,१०० रुपयांचा टीडीएस ७ नोव्हेंबरपर्यंत सरकारजमा व्हायला हवा होता आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीचे विवरणपत्र ३१ जानेवारीपर्यंत दाखल व्हायला हवे होते. अभियंत्यांच्या नावे मात्र एका रुपयाचीही नोंद नव्हती. ज्यांचे उत्पन्न तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ४४एडीए खाली, म्हणजे एकूण प्राप्तीच्या निम्मे धरून, दाखवले जाते, त्यांना कापलेल्या टीडीएसपैकी बराच भाग परतावा म्हणून मिळायचा असतो. नोंदच नसेल तर परतावाही अडकतो. एकदा कर कापला गेला की तो भरण्याची मागणी पुन्हा त्याच करदात्याकडे करता येत नाही, असे त्याच कायद्याचे कलम २०५ सांगत होते खरे, पण ते सिद्ध करण्यासाठी टीडीएस वजा केलेले बिल आणि बँकेत जमा झालेली नेमकी रक्कम यांचा पुरावा लागतो. अभियंत्यांकडे दोन्ही होते.

पोलीस ठाण्यात त्यांना हा दिवाणी वाद असल्याचे सांगण्यात आले. केवळ पैसे थकवणे म्हणजे फसवणूक होत नाही, सुरुवातीपासून फसवण्याचा हेतू दाखवावा लागतो, हे कायद्याच्या दृष्टीने खरेही आहे. खोट्या बायोडाट्याच्या अंगाने भारतीय न्याय संहितेखाली तक्रार करता आली असती, पण तो मार्ग कारखान्याने घ्यावा असे अभियंत्यांचे मत पडले. कामगार कार्यालयाचा रस्ताही त्यांच्यासाठी नव्हता, कारण ते पगारी कामगार नव्हते. दिवाणी दावा लावावा तर वर्षे जाणार. अशा वेळी बहुतेक कंत्राटी माणसे हात टेकतात आणि एजंटाचे गणित त्यावरच बसलेले असते.

ज्या कायद्याने चक्रे फिरली तो म्हणजे २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायदा. सूक्ष्म आणि लघु उपक्रमांनी दिलेल्या मालाचे किंवा सेवेचे पैसे देण्याची मुदत कराराने काहीही ठरवली तरी सेवा स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही, असे त्याचे कलम १५ सांगते. कलम २४ प्रमाणे या तरतुदी विसंगत अशा इतर कायद्यांवर मात करतात. त्यामुळे ‘कारखान्याकडून पैसे आल्यावर’ हे एजंटाचे कलम ३० डिसेंबर २०२४ च्या पुढे त्याच्या कामी येणार नव्हते. मुदत टळल्यावर कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला मुद्दलात मिळवले जाणारे चक्रवाढ व्याज द्यावे लागते. त्या वेळी बँक दर ६.७५ टक्के होता, म्हणजे व्याज वर्षाला २०.२५ टक्के. १,४३,००० रुपयांवर पहिल्या महिन्याचेच व्याज सुमारे २,४१३ रुपये होते.

येथे उद्यम नोंदणीची तारीख मोलाची ठरली. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली सिल्पी इंडस्ट्रीज प्रकरणात म्हटले होते की या कायद्याचा लाभ हवा असेल तर करार होताना नोंदणी अस्तित्वात असली पाहिजे. मागाहून नोंदणी करून जुन्या व्यवहारासाठी लाभ मागता येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने या मतापेक्षा वेगळा विचार मांडून प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला आहे, पण कंत्राटी व्यावसायिकाने त्या निकालाच्या भरवशावर थांबण्यात अर्थ नाही. पुरानंतर बँकेच्या आग्रहामुळे झालेली नोंदणी सप्टेंबर २०२४ च्या कराराच्या आधीची होती आणि त्यामुळे एजंटाच्या वकिलाला या मुद्द्यावर बोलायला जागाच उरली नाही.

फेब्रुवारीत वकिलामार्फत नोटीस गेली. तिच्यासोबत सही असलेला हजेरीतक्ता, दोन्ही बिले, उद्यम प्रमाणपत्र आणि व्याजाचा तक्ता जोडला होता. नोटिशीत तेव्हाच्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ४३बी(एच) चा उल्लेख मी आग्रहाने घालायला लावला. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या या तरतुदीनुसार सूक्ष्म किंवा लघु उपक्रमाचे पैसे ठरलेल्या मुदतीत दिले नाहीत, तर ती रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून वजा मिळत नाही. ३१ मार्चपर्यंत पैसे न दिल्यास १,४३,००० रुपये एजंटाच्या त्या वर्षाच्या नफ्यात मिळवले जाणार होते आणि त्यावर कर भरावा लागणार होता. माझा अनुभव असा की वकिलाच्या धमकीपेक्षा हे वाक्य जास्त काम करते, कारण ते थेट एजंटाच्या सनदी लेखापालाच्या टेबलावर जाऊन पडते. अशा रीतीने आणखी किती जणांची बिले रोखून धरलेली आहेत, हा प्रश्न तो लेखापाल मग आपल्या अशिलाला विचारतोच.

उत्तर न आल्यामुळे मार्चच्या पहिल्या आठवड्यात केंद्र सरकारच्या समाधान पोर्टलवर त्याच २००६ च्या कायद्याच्या कलम १८ खाली सुविधा परिषदेकडे, म्हणजे अशा थकीत बिलांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी परिषदेकडे, अर्ज दाखल केला. त्या परिषदेचा निवाडा न्यायालयात आव्हानित करायचा असेल तर देणेकऱ्याला निवाड्याच्या रकमेच्या ७५ टक्के आधी भराव्या लागतात, हेही एजंटाच्या सल्लागारांना माहीत असणारच. २८ मार्च २०२५ रोजी दहा टक्के टीडीएस वजा जाता १,२८,७०० रुपये अभियंत्यांच्या खात्यात जमा झाले. प्रतिष्ठेच्या नुकसानभरपाईचा विषय पुन्हा निघाला नाही. टीडीएसची विवरणपत्रे विलंब शुल्कासह दाखल झाली आणि जूनमध्ये दोन्ही बिलांचे मिळून २३,४०० रुपये २६एएसमध्ये दिसू लागले.

दोन वर्षांची बंदी

दरम्यान कारखान्याने आपल्या बाजूने चौकशी केली आणि खोट्या बायोडाट्याचे कारण देऊन एजंटाबरोबरचा करार संपवला. पुढच्या शटडाऊनसाठी अभियंत्यांना थेट बोलावण्याची मॅनेजरांची इच्छा होती. तसे कळताच एजंटाने दोन वर्षांच्या बंदीचे कलम दाखवून दाव्याची धमकी दिली.

भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २७ प्रमाणे कोणालाही कायदेशीर व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपर्यंत निरर्थक असतो. करार चालू असतानाची बंधने न्यायालये मान्य करतात. करार संपल्यानंतरची बंदी मात्र त्यांनी पुन्हापुन्हा नाकारली आहे. मराठी वाचकांना जवळचे उदाहरण म्हणजे श्रीरामपूरच्या झहीर खान यांचे. क्रिकेटपटू झहीर खान आणि त्यांची व्यवस्थापन कंपनी यांच्यातील वादात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने कराराची मुदत संपल्यानंतर खेळाडूला बांधून ठेवणारी अट कलम २७ च्या विरोधात असल्याचे मत दिले. अभियंत्यांच्या वकिलाने एजंटाला एक पानी उत्तर पाठवून याकडे लक्ष वेधले.

येथे एक बाब नीट समजून घेतली पाहिजे, कारण तिच्यात अनेकांची गल्लत होते. कारखाना आणि एजंट यांच्यात स्वतंत्र करार असतो आणि ‘तुमचा माणूस आम्ही अमुक काळ थेट घेणार नाही’ असे वचन कारखान्याने त्यात दिलेले असू शकते. अभियंत्यांवरील बंदी निरर्थक ठरली म्हणून कारखान्याचे ते वचन आपोआप गळून पडत नाही. या प्रकरणातही बारा महिन्यांचे तसे कलम होते. कारखान्याच्या कायदा विभागाने एजंटाच्या खोट्या निवेदनामुळे करार आपण रद्द केला आहे अशी भूमिका घेतली, आणि तरीही वाद नको म्हणून नोव्हेंबर २०२४ पासूनचे बारा महिने संपू दिले. अभियंत्यांची पुरवठादार म्हणून नोंदणी झाली आणि डिसेंबर २०२५ मधील कामासाठी त्यांना रोजाचा ९,२०० रुपये दर मिळाला. पूर्वी एजंटाला द्यावे लागत होते त्यापेक्षा कारखान्याचे रोजी २,३०० रुपये वाचले.

अभियंते आजही इतर कारखान्यांसाठी एजंटांमार्फत काम घेतात, कारण पनवेल ते लोटे या पट्ट्यात त्यांच्याशिवाय सगळी कामे मिळणे शक्य नाही. आता पहिल्या फोननंतर ते स्वतःच्या अटींचा एक पानी ईमेल पाठवतात: बायोडाटा पीडीएफमध्ये, न बदलता आणि प्रत्येक कारखान्याचे नाव सांगून लेखी परवानगी घेतल्यावरच पाठवावा, संदर्भ मुलाखतीनंतर मिळतील, बिल ४५ दिवसांच्या आत, कारखान्याने दिले असोत वा नसोत, आणि ईमेलखाली उद्यम क्रमांक. काही एजंट यानंतर पुन्हा फोन करत नाहीत. जे करतात त्यांपैकी एकाने आपला वाटा बारा टक्के असल्याचे स्वतःहून लिहून पाठवले आणि त्याच्यामार्फत दोन कामे विनातक्रार पार पडली आहेत.

मुद्दल दिल्यावर परिषदेतील अर्ज मागे घ्यावा, असा निरोप जुन्या एजंटाने दोनदा पाठवला. ३१ डिसेंबर ते २८ मार्च या काळाचे व्याज सात हजारांच्या आसपास होते आणि एवढ्याशा रकमेसाठी कशाला ताणायचे, असे अभियंत्यांच्या घरच्यांचेही म्हणणे पडले. त्यांनी अर्ज मागे घेतलेला नाही. व्याजापुरती मागणी परिषदेपुढे कायम आहे.